एनोकने एकदा सांगितलं होतं

मतदानाच्या दिवशी बिबियाने सगळ्यांच्या आधी उठली, कॉफी चढवली आणि पेटीतून मण्यांची कॉलर बाहेर काढली. लग्न, बारसं आणि नाताळ, एवढ्यालाच ती कॉलर बाहेर निघायची. फेब्रुवारीतल्या मंगळवारी ती अंगावर चढवलेली पाहून तिचा मुलगा सेथ कप हातात धरून बघतच राहिला.

"मत द्यायला निघालीस की लग्नाला?"

"लग्न एकदाच झालं माझं. हे मात्र दुसऱ्यांदा विचारतायत," बिबियाने म्हणाली. "मग काय माशांच्या वासाच्या कपड्यांत जाऊ?"

सबंध ग्रीनलँडला त्या दिवशी एकच प्रश्न होता. युरोपच्या सामाईक बाजारात राहायचं का? हो की नाही. मतपेटी शाळेत होती, शाळा फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या पलीकडच्या गावात, आणि मधला सगळा समुद्र गोठलेला. बिबियानेच्या बेटावर घरं म्हणाल तर चार. शेजारी आदल्या दिवशीच आपापल्या कुत्र्यांच्या स्लेज-गाड्या घेऊन निघून गेले होते. जाताना त्यांनी तिला बोलावलंही होतं. पण बाईंनी तोऱ्यात सांगून टाकलं, मला माझा मुलगा नेईल. आता घरात कुत्री हाकणारा एकच माणूस, सेथ, आणि सेथ पक्का 'हो'वाला.

"हे बघ आई," सेथ पाय पसरून म्हणाला, "तू 'नाही' लिहिणार, मी 'हो' लिहिणार. तुझं मत माझ्या मताला खाणार, माझं तुझ्या. उरलं काय? काही नाही. मग कुत्र्यांना कशाला दमवायचं? घरीच बसू. मी बर्फाखाली सोडलेला गळांचा दोर ओढून आणतो, मस्त हॅलिबट मासा खाऊ."

हिशोब बिनतोड होता, आणि बिबियानेला राग आला तो त्यामुळेच. दहा वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. मागच्या वेळी, बहात्तर साली, हाच बाजार दारात आला होता तेव्हा तिचा नवरा एनोक तिच्याबरोबर त्याच शाळेत गेला होता. एनोकचं म्हणणं अगदी साधं होतं. पश्चिमेला परदेशी जहाजं कॉड मासा उपसतात. त्यांनी किती उपसायचा हे आता ज्या गावात ठरणार, त्या गावात कुणी बर्फाला भोक पाडून एक मासा धरलेला नाही. म्हणून त्याने 'नाही' लिहिलं. इथल्या दहातल्या सातांनी 'नाही' लिहिलं. आणि मग रेडिओवरचा माणूस म्हणाला, ग्रीनलँडने 'नाही' म्हटलं आहे, पण...

पण ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्यात, म्हणून डेन्मार्कची आणि इथली मतं एकाच टोपलीत मोजायची होती. डेन्मार्क 'हो' म्हणाला. डेन्मार्कची माणसं किती आणि इथली किती! एनोकने त्या 'पण'वरच रेडिओ बंद केला. "पाहुण्याला विचारायचं कॉफी हवी का, तो नको म्हणाला की त्याच्या मांडीवर ओतायची," एवढंच तो बोलला, आणि नाताळच्या आधी छातीच्या दुखण्याने गेला. ते 'नाही' त्याच्याबरोबर पुरलं गेलं असं बिबियानेला वाटायचं. हे दुखणं तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते होतं.

"मी चालत जाईन," ती म्हणाली.

"जा की. उन्हाळ्यापर्यंत पोचशील."

तेवढ्यात आतल्या पलंगावरून आवाज आला.

"सेथ, कुत्री जोड."

नऊ वर्षांची एनोक उठून बसली होती. केस विस्कटलेले, एका पायात मोजा. ही सेथचीच मुलगी, पण आजोबा गेल्यावर महिन्याभरात जन्मली म्हणून नाव त्यांचं मिळालं, आणि आमच्याकडे गेलेल्याचं नाव मिळालं की तो माणूसही परत मिळतो. पहिल्या अंघोळीला तिने एनोकसारखंच नाक मुरडलं तेव्हा बिबियाने रडली होती, हसलीही होती. तेव्हापासून ती या पोरीला 'अहो' म्हणायची आणि माशाचा गालाकडचा तुकडा तिच्याच ताटात वाढायची. सेथ तिला 'बाबा' म्हणायचा. म्हणजे अभ्यास केला नाही म्हणून तो तिला रागवायचा, आणि तिने डोळे वटारले की गप्पही बसायचा.

"बाबा, जरा ऐका तरी..."

"मी सांगितलं ना, जोड म्हणून."

सेथने वर बघितलं, खाली बघितलं, आणि बूट चढवायला घेतले. बिबियानेने हसू कॉलरमध्ये दडवलं.

कुत्री ताजीतवानी होती. स्लेज उतारावरून बर्फावर आपटली आणि सुसाट सुटली. नुकताच डोंगराआडून वर यायला लागलेला सूर्य फ्योर्डच्या टोकाशी दिसत होता, सगळं गुलाबी झालं होतं. बिबियाने रेनडियरच्या कातड्यावर बसली होती, मांडीवर एनोक, आणि पुढे सेथ पाय लोंबकळत ठेवून. बराच वेळ तो काही बोलला नाही. बिबियाने त्याला चांगली ओळखून होती. हा गप्प असला की काहीतरी शिजत असतं.

"बाबा म्हणाले म्हणून मी निघालो," तो अखेर म्हणाला. "बाबांचा शब्द मोडायचा नाही. बरोबर ना, आई?"

"बरोबर."

"तूही मोडणार नाहीस?"

"आजवर कधी मोडलाय?" बिबियाने म्हणाली. ही शुद्ध थाप होती. एनोक हयात असताना ती त्याच्याशी रोज भांडत असे.

"झालं तर मग. कागदावर काय लिहायचं ते बाबांनाच विचारू. ते म्हणतील ते तू लिहायचं."

बिबियानेच्या तोंडचं पाणी पळालं. आपण कुठे सापडलो हे तिला कळलं, आणि मागे फिरायला वाट नव्हती. नाव दिलंय, माणूस मानलंय, आता सोयीपुरतं ती लहान पोर आहे असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"विचार," ती म्हणाली.

सेथ मागे वळला. "बाबा, पांढऱ्या पायाच्या कुत्रीला पिल्लं झालीत ना? त्यातलं हवं ते एक तुमचं. आईला फक्त 'हो' लिहायला सांगा."

"लाच देतोस? बापाला?" बिबियाने ओरडली.

"बापाला भेट देतोय."

एनोकचे डोळे चमकले. "काळ्या कानांचं?"

"काळ्या कानांचं."

पोर विचारात पडली. बिबियाने तिच्या टोपीकडे बघत राहिली. तोंडाशी आलेलं बोलणं तिने तीनदा गिळलं. आपण काही सुचवायचं नाही. एनोकला तसं कुणी सुचवलेलं कधीच खपलं नव्हतं.

तेवढ्यात कुत्री थांबली. पुढे बर्फाला तडा गेला होता आणि मधून काळं पाणी दिसत होतं, त्यातून वाफ निघत होती. तडा दोन्ही बाजूंना नजर पोचेपर्यंत लांब.

आता काय, बिबियानेला वाटलं. हा म्हणेल, बघ आई, माझा काही दोष नाही, चला परत. आणि कुणी त्याला नावंही ठेवली नसती. पण सेथ लोखंडी पहार घेऊन कडेला गेला, ठोकून ठोकून बर्फ पारखला, आणि हो-नाही सगळं विसरून तो नुसता पलीकडे जायच्या जिद्दीला पेटला. "हा काय तडा आहे?" तो म्हणाला. सगळ्यात पुढच्या कुत्रीला त्याने मानगुटीला धरून पलीकडे फेकलं. बाकीची केकाटत, एकमेकांवर पडत मागोमाग गेली. मग स्लेज ढकलून त्याने तिचाच पूल केला. "चला बाबा. चल आई, ओणवी हो, खाली बघू नकोस."

बिबियाने मण्यांच्या कॉलरसकट हातपाय टेकून त्या फळ्यांवरून रांगत गेली. खाली बघू नको म्हटल्यावर तिने बघितलंच. पलीकडे पोचल्यावर ती आणि एनोक बर्फात बसून इतक्या हसल्या की कुत्रीही भुंकायला लागली. सेथही हसला. मतं द्यायला निघालोय की मौजेला, असं कुणालाही वाटलं असतं.

पुन्हा बसल्यावर मात्र सेथचा आवाज बदलला. आता त्यात थट्टा नव्हती.

"बाबा, पिल्लाचं जाऊ द्या. खरं सांगतो. बाजाराच्या पैशातून आपल्याकडे मासे गोठवायची शेड होणार असं म्हणतात. शेड झाली की तिथे काम. मग लोविसाला शहरात कोळंबीच्या कारखान्यात राहायला नको. ती घरी येईल. मला बाकी युरोपचं काही पडलेलं नाही. मला ती घरी हवी आहे."

सून घरी नाही याचं दुःख मुलाला इतकं आहे हे बिबियानेने मनावर घेतलंच नव्हतं. तो शिट्टी वाजवत दोर ओढायला जायचा, तेवढंच तिने पाहिलं होतं. आणि लोविसा या पोरीची आई. आता पोर काय बोलणार हे उघड होतं. बिबियानेने मनातल्या मनात 'हो' लिहून टाकलं, आणि तिला फार वाईट वाटलं.

स्लेजच्या पट्ट्या बर्फावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता. गावातल्या शाळेचा लाल पत्रा दिसायला लागला. तरी एनोक बोलेना. तिने हातमोज्याने नाक पुसलं.

"लोविसा यायला हवी," ती म्हणाली. "लवकर यायला हवी."

"मग?" सेथ म्हणाला.

"पण सेथ, मी मागच्या वेळी 'नाही' म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग माझं कुणी ऐकलं नाही ना?"

सेथ पुढे वळून कुत्र्यांकडे बघायला लागला.

"आधी ते ऐका की," एनोक म्हणाली. "मी एकदा सांगितलंय. सारखं सारखं काय विचारता?"

आणि तिने नाक मुरडलं. आमच्याकडे 'नाही' म्हणायला तोंड उघडावं लागत नाही, तेवढं पुरतं. बिबियानेने तिला कातड्यात घट्ट दाबून धरलं. हे शब्द त्याचेच होते, हा आवाज सोडला तर सगळं त्याचंच होतं. "अहो, ऐकलं बरं का," एवढंच ती म्हणाली.

शाळेत गर्दी होती, कॉफी होती, केक होता, बारशाचं घर असावं तसा कलकलाट होता. टेबलामागे योआस शिक्षक बसले होते. एरवी रविवारी प्रार्थनाही तेच सांगायचे. त्यांनी बिबियानेला कागद दिला आणि एनोककडे बघून हसले. "यांना देता येत नाही हो. यांचं वय कमी पडतं."

"दहा वर्षांपूर्वी तुम्हीच यांना दिला होता," बिबियाने म्हणाली.

"तेव्हा दाढी होती यांना."

सगळी शाळा हसली. बिबियाने पडद्याआड गेली. तिने पेन्सिल मुठीत धरली आणि 'नाही'पुढे फुली केली, अशी दाबून की कागद फाटता फाटता राहिला. मग तिने कागदावर फुंकर घातली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिच्यामागून सेथ आत गेला. तो पुष्कळ वेळ बाहेर आला नाही. योआसनी दोनदा खाकरून पाहिलं. अखेर तो आला, पेटीत कागद टाकला, आणि आईकडे न बघता कॉफीकडे वळला. जाताना त्याचं नाक मुरडलेलं दिसलं. थंडीने की कशाने, देव जाणे. बिबियानेने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेडिओला कान लावून बसली. एनोक शेजारी माशाच्या गालाचा तुकडा खात होती. रेडिओवरच्या माणसाने आकडे सांगायला सुरुवात केली, दक्षिणेकडचे, मधले, इकडचे. फरक थोडाच होता. मग तो म्हणाला, देशाने 'नाही' म्हटलं आहे.

बिबियाने हलली नाही. ती त्या पुढच्या शब्दाची वाट बघत होती. अंग आखडून, डोळे मिटून बघत होती. माणूस म्हणाला, आता बोलणी होतील, बाहेर पडायला काही वर्षं लागतील. ती थांबली. मग तो म्हणाला, आजचं हवामान. वारा ईशान्येकडून, फ्योर्डमध्ये बर्फ चांगला.

दार उघडून सेथ आत आला. अंगात लांबच्या प्रवासाचे कपडे होते आणि अनोरॅकच्या, त्या टोपीवाल्या डगल्याच्या आत काहीतरी वळवळत होतं. त्याने काळ्या कानांचं पिल्लू काढून एनोकच्या मांडीवर ठेवलं.

"मी तर तुझं ऐकलं नव्हतं," एनोक म्हणाली.

"बाबांना द्यायचं तर त्याला कारण कशाला?" तो म्हणाला. "मी शहरात जातोय. बर्फ चांगला आहे. लोविसाला विचारतो, येतेस का म्हणून. शेड होईल तेव्हा होईल, तोवर दोर दोघांनी ओढू."

"विचार," बिबियाने म्हणाली. "आणि ती म्हणेल ते ऐक."

त्याने भुवया उंचावून 'हो' म्हटलं आणि तो गेला. बाहेर कुत्र्यांचा एकच गोंधळ झाला. बिबियाने डोळे पुसत वळली.

"अहो," ती म्हणाली, "ऐकलंत का? 'पण' म्हणालाच नाही तो. हवामान सांगून मोकळा झाला."

एनोकने पिल्लाच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

"मी सांगितलंच होतं," ती म्हणाली, आणि ताटातला शेवटचा तुकडा तिने पिल्लाला दिला.