गच्चीचं कुलूप

"कुलूप मी स्वतः लावलं होतं, साहेब. चार वाजता. ओढूनसुद्धा पाहिलं." ग्रंथालयाच्या जिन्यात झाडू भिंतीला टेकवत शिपाईबाई म्हणाल्या. "आणि पोरगी पडली साडेपाचला. गच्चीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी तिच्या विभागप्रमुखांकडे."

"हे तुमच्या नावानिशी छापू?"

"छापा. मलाही मुलगीच आहे."

बातमीदाराने शब्द न् शब्द उतरवून घेतला. सव्वीस वर्षं तो विद्यापीठाच्या बातम्या देत होता. निकाल, पदवीदान, नव्या इमारतींची उद्घाटनं. कचेरीत त्याला 'निकालवाले' म्हणत आणि तोही हसून ओ देई. संशोधन करणारी ती मुलगी ग्रंथालयाच्या गच्चीवरून पडून मरण पावली, तेव्हाही त्याने पोलिसांनी सांगितलं तेच छापलं होतं: फोनवर बोलताना तोल गेला.

पाचव्या दिवशी तिचे वडील कचेरीत आले. शिंपी होते. माप घ्यायची टेप गळ्यात तशीच राहिली होती. त्यांनी पिशवीतून मुलीचा फोन काढून टेबलावर ठेवला.

"हा त्या दिवशी घरीच विसरली होती. मग बोलत कशावर होती?"

फोनशेजारी त्यांनी एका तक्रारीची प्रत ठेवली. मुलीचं तीन वर्षांचं संशोधन विभागप्रमुखांनी स्वतःच्या नावावर छापून आणलं होतं, त्याची तक्रार.

"ती तुमच्याकडे येऊन गेली होती," ते म्हणाले. "म्हणून आलो."

आली होती खरी. ऐन निकालाच्या धामधुमीत. मान वरही न करता 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून त्याने तिला वाटेला लावलं होतं. बापाच्या तोंडावर हे सांगायला त्याची जीभ रेटेना. तो मुकाट्याने कामाला लागला, उभ्या आयुष्यात लागला नव्हता तसा. जो भेटेल त्याला विचारत सुटला. आठवडाभर सगळ्यांनी तोंड चुकवलं. बोलल्या त्या एकट्या शिपाईबाई.

बातमी लिहून झाली त्या सकाळी शिपाईबाई स्वतःच कचेरीत हजर झाल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"माझं नाव काढा. कुलूप लावलं की नाही, आठवत नाही मला."

"अहो, तुम्ही ओढून पाहिलं होतंत!"

"माझ्या मुलीला विद्यापीठातच नोकरी लागली कालपासून. कायमची." त्यांनी तोंड फिरवलं. "पाया पडते साहेब, मला काही आठवत नाही."

संपादकांनी बातमी वाचली आणि चष्मा काढला.

"साक्षीदार?"

"फिरली. पण फोन घरी होता, त्याचं काय?"

"असं बाप म्हणतो. पोलिसांनी फाइल बंद केलीय. उद्या कोर्टात खेचलं तर कोण उभं राहणार?"

"मी राहीन."

"तू एकटा राहून काय दिवे लावणार आहेस?" संपादक रागावले नव्हते, थकले होते.

दुसऱ्या दिवशी सहाव्या पानावर तळाशी चार ओळी आल्या. मृत्यूबाबत कुटुंबीयांना शंका, चौकशीची मागणी. विभागप्रमुखांचा उल्लेख नव्हता, कुलपाचाही नव्हता.

अंक घेऊन तो स्वतः शिंप्याच्या दुकानात गेला. मशीन थांबवून त्यांनी ओळींखाली बोट फिरवत वाचलं. वाचायला वेळ लागला नाही.

"नाव बरोबर छापलंय तिचं," ते म्हणाले.

"मास्तर, एक सांगायचं राहिलं." स्टुलावर बसलेल्या बातमीदाराला त्यांच्याकडे बघवेना. "ती आली होती तेव्हा मी तिचं ऐकून घेतलं नाही. घालवून दिलं."

"माहीत आहे. घरी येऊन रडली होती."

"आणि तरी माझ्याकडे आलात?"

"दुसरा कुणी पेपरवाला आम्हाला माहीत नव्हता."

दारात एक म्हातारं गिऱ्हाईक धापा टाकत उभं राहिलं. हातात उसवलेला कोट होता. शिंप्याने पेपराची नीट घडी घालून ती मशीनच्या खणात ठेवली.

"जरा उठता का?" ते बातमीदाराला म्हणाले. "त्यांना बसू द्या."