उसने हात

कृत्तिकाच्या खोलीत रोज दुपारी मीठ पिकतं. उशीवर, चादरीच्या घड्यांत, खिडकीच्या गजांवर. उन्हं कलली की पलंगाभोवती गुडघाभर पांढरी रास होते आणि ती ओढायचं काम माझ्याकडे आहे. मेट्रनबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "घरत सिस्टर, तुम्ही उरणच्या. मिठागरवाल्या. तुम्हीच बघा." जसं काही मी नर्सिंगचा कोर्स मीठ ओढायला केला होता! पण खरं सांगते, लाकडी फळी हातात आली की मला बरं वाटतं. आमच्या मिठागरावर आता कंटेनर उभे आहेत. फळीखाली मीठ कुरकुरल्याचा आवाज मला आता या खोलीतच ऐकायला मिळतो.

कृत्तिका एकोणीस वर्षांची, तिची बहीण जुई अकराची. दोघींना जन्मापासून एकच आजार, सिस्टिक फायब्रोसिस. घामात मीठ फार आणि छातीतला कफ डिंकासारखा घट्ट. त्यांची आई विशाखाताई सांगतात, मुली तान्ह्या असताना पापी घेतली की ओठ खारट व्हायचे आणि त्यांना वाटायचं, आपणच रडलोय की काय.

या खेपेला कृत्तिकाच्या कफात एक वाईट जंतू निघाला. तो जुईला लागला तर ती टिकायची नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. म्हणून एक बहीण कॉरिडॉरच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला. घरी दोघी एका पांघरुणात झोपायच्या.

कॉरिडॉर वाढतो. एकीला दुसरीची आठवण आली की एक फरशी वाढते. या फरश्या काही आभाळातून पडत नाहीत. जिला आठवण येते तिच्याच खोलीतून निघून त्या बाहेर जाऊन बसतात. कृत्तिकाची खोली मुळात मोठी होती, ती अजून निभावतेय. जुईच्या खोलीतून आधी कपाट बाहेर काढावं लागलं, मग खुर्ची. आता पलंगाच्या दोन्ही बाजूंना भिंती टेकल्यात आणि औषधाची वाफ द्यायला मी पायथ्याकडून चढून जाते. या वयात, या गुडघ्यांनी.

"आठवण काढू नकोस गं बाय," मी तिला म्हटलं.

"मी काढत नाही. ती येते."

मी वाफेचा मास्क तिच्या नाकावर चढवला.

विशाखाताई कॉरिडॉरच्या बरोबर मध्यावर बाकावर बसतात. कॉरिडॉर वाढला की बाक ओढून पुन्हा मध्य गाठतात, म्हणजे कुठल्याच मुलीला कमी-जास्त वाटायला नको. त्यामुळे आता त्या दोघींपासूनही लांब गेल्यात. तिथून त्यांना कोणाचाच खोकला ऐकू येत नाही.

जुईचा कफ दोन दिवस सुटला नव्हता. या आजारात रोज पाठ थोपटावी लागते. हात पोकळ करायचा, ओंजळ उपडी केल्यासारखा, आणि ठप ठप ठप, कफ सुटेपर्यंत. माझे हात या कामात नावाजलेले आहेत, उगाच नाही सांगत. दुसऱ्या वॉर्डातून बोलावणी येतात. आणि ही चिमुरडी मला म्हणाली, "सिस्टर, तुमचे हात चांगले आहेत, पण त्यात पालखी नाही."

घरी म्हणे कृत्तिका शिमग्याच्या ढोलासारखं थोपटायची. आधी सावकाश, पालखी लांब आहे म्हणून. मग वळणावर, मग वेशीत. पालखी अंगणात आली की हात नुसते नाचायचे आणि कफ सुटायचा. मीही ते करून बघितलं. माझी पालखी अंगणात आली, नाचली, निघून गेली, आणि जुई तशीच घरघरत राहिली. तिचे ओठ जांभळट दिसायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, "आज सुटला नाही, तर रात्री मशीनवर घ्यावं लागेल. मग पुढचं सांगता येत नाही."

"ताईचे हात आणा," जुई म्हणाली. "मला ताई पाहिजे. ती नसेल येत, तर हात आणा."

मी कृत्तिकाकडे गेले आणि तसं सांगितलं. ती लगेच उठून बसली.

"न्या. पण हातात नाही देणार. हातात मीठ दिलं की भांडण होतं."

"आमची आयही तेच म्हणायची. ट्रेमध्ये ठेव."

"आणि दिवेलागणीच्या आत परत आणा. दिवे लागल्यावर मीठ कोणाला उसनं द्यायचं नसतं. राहिलं तर ते गेलंच."

तिने आधी डावा ठेवला. उजवा कसा ठेवला ते मी पाहिलं नाही, मी ट्रेवर झाकायला टॉवेल काढायला वळले होते. दोन्ही हात मिठाचे होते, चांगलं टपोरं मीठ, आणि गरम. अंगठ्यावर तव्याचा जुना डाग होता. तिने मनगटं चादरीखाली घेतली.

"हातांना सांगा, पालखी लांबून आणा म्हणावं," ती म्हणाली. "जुईला घाई केलेली आवडत नाही. आणि सिस्टर, तिला म्हणावं, मला पण ती हवीये. रोज. फार."

तिच्या खोलीतून एक फरशी निघून माझ्यापुढे दारातून बाहेर गेली.

मी निघाले. विशाखाताईंच्या बाकापर्यंत पोचायलाच घाम फुटला. त्यांनी टॉवेल उचलला, वाकल्या आणि अंगठ्यावर ओठ टेकले.

"खारट आहे," त्या म्हणाल्या. "कृत्तिकाच."

"उसने आणलेत. दिवेलागणीच्या आत परत द्यायचेत."

"मग धावा ना, बाई! माझ्याशी काय बोलत बसलात!"

धावले. पण समोरून फरश्या येतच होत्या, एकामागून एक. मी जितकी पुढे जाई तितकं जुईचं दार बारीक होत होतं. आधी ते खिडकीएवढं झालं, मग कपाटाच्या एका झडपेएवढं.

"जुई, आठवण काढू नकोस! मी येतेय!" मी ओरडले.

"तुमची नाही काढत!" आतून आवाज आला, मग खोकला, मग नुसती घरघर.

शेवटी पोचले. दारात मी मावणार नव्हते, फक्त ट्रे मावला असता. आत आता पलंगालाही जागा उरली नव्हती. जुई दाराकडे पाठ करून बसली होती, गुडघे समोरच्या भिंतीला टेकलेले, फ्रॉक मानेपर्यंत वर घेतलेला. पाठीच्या फासळ्या वर-खाली होत होत्या.

दाराला लागून बेसिन आहे, कोपराने दांडा ढकलून सुरू करायच्या नळाचं. एका पेशंटकडून दुसरीकडे जाताना हात धुतल्याशिवाय या दारातून कोणी जात नाही. मीसुद्धा आजवर कधी गेले नाही. पण आज जुईच्या पाठीला लागणार होते ते हात माझे नव्हते. ते न धुता लावले, तर कृत्तिकाचा जंतू जुईला. धुतले, तर ट्रेमध्ये नुसतं खारं पाणी उरणार आणि तिकडे एक पोर चादरीखाली मनगटं घेऊन वाट बघत बसणार. आय म्हणायची, मिठात किडा जगत नाही. पण आय नर्स नव्हती.

"ताई आली?" जुईने विचारलं.

"हात आलेत."

"मग लावा ना. मला श्वास येत नाहीये."

कॉरिडॉरच्या त्या टोकाला पहिला दिवा लागला. मग दुसरा. विशाखाताईंच्या डोक्यावरचा लागला. दिवे माझ्याकडे यायला लागले.

तेवढ्यात माझं कोपर नळाच्या दांड्याकडे गेलं. मी नेलं नाही. या दारात ते रोज जातं तसंच गेलं. धार सुरू झाली.

ट्रेमध्ये काहीतरी हललं. ठप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, ठप. पालखी खूप लांब होती.

"ताई," जुई म्हणाली, आणि तिच्या खोलीतली शेवटची फरशी निघून माझ्या पायांमागे जाऊन बसली. खोलीत जागा उरली नाही, तशी जुईची पाठ दारातून बाहेर आली. माझ्या डोक्यावरचा दिवा लागला. टॉवेल सरकून खाली पडला. दोन्ही हात पोकळ वळून वर उचलले गेले होते आणि नळाची धार आणि जुईची पाठ, दोन्ही त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होती.