भावसिंगची तार

चार दिवस झाले, भावसिंगचा आवाज नाही म्हणजे नाही. कमलाकरराव पावणेसातलाच सेटपुढे ठाण मांडायचे आणि सातच्या ठोक्याला हाक घालायचे. उत्तरात काय, तर नुसती चरचर, उकळत्या तेलात ओली भजी सोडल्यासारखी. त्या चरचरीतून नागपूरवाले येत, हैदराबादवाले तर खणखणीत येत, आणि झरी जामणीच्या जंगलातला एकटा भावसिंग तेवढा बेपत्ता.

कमलाकरराव टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, दिग्रसला राहणारे. परवाना काढून घरून बिनतारी बोलायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा छंद. गच्चीवर दोन बांबू, त्यांच्यात ताणलेली वीस मीटर तार, आणि तारेच्या मधोमध जोडलेली केबल खाली खोलीत सेटपर्यंत आणलेली. सगळं हातानं केलेलं, विकतचं काही नाही. भावसिंग वनखात्यातला जुना वायरलेसवाला, आता झरीपलीकडच्या तांड्यावर घरी बसलेला. परवान्याच्या परीक्षेला त्याला कमलाकररावांनीच बसवलं होतं, पाच वॉटचा इवलासा सेटही त्यांनीच जोडून दिला होता. तेव्हापासून त्याच्या या भाऊंचा शब्द म्हणजे भावसिंगसाठी काळ्या दगडावरची रेघ.

साल दोन हजार सहा. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात पेपर उघडायची छाती होत नव्हती. आज अमक्या गावी कोणी औषध घेतलं, काल तमक्या गावी घेतलं, आणि ते औषध बोंडअळीसाठी आणलेलं असायचं. भावसिंगच्या जावयानं पोळ्याच्या आधी घेतलं. त्या दिवसापासून भावसिंग मिटूनच गेला. बायकोशी, हंसाबाईशी, बोलेना, ताटावर बसेना. तोंड उघडायचा तो फक्त सकाळी सातला, सेटवर. एकदा म्हणाला होता, "भाऊ, तुमी सातले बोलावता म्हनून उठतो. नाही तं कायले उठू?"

असं बोललेला माणूस सोमवारपासून गप्प झाला तर दुसऱ्यानं काय समजायचं? कमलाकररावांच्या मनात एकच चित्र उभं राहायचं आणि ते त्याच्याकडे पाहायला धजत नव्हते. तांड्यावर फोन नव्हता. झरीच्या एका दुकानदाराला त्यांनी तीनदा फोन लावला. तो म्हणे, तिकडं कोणी जात असलं तर निरोप देतो. कोणी गेलंच नाही.

पत्नी सुनीतीबाईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, अहो, बस आहे, पांढरकवड्याला उतरा, पुढं काहीतरी मिळेल, डोळ्यांनी बघून या. पण रेडिओवाल्यांची खोपडीच उलटी! हे म्हणाले, मी बसमध्ये असलो आणि त्यानं सातला हाक घातली तर? ऐकायला इथं कोण? आणि बसले पुन्हा कानाला हेडफोन लावून. सुनीतीबाई जन्मभर शाळेत शिकवत आलेल्या, आडमुठ्या पोरांची त्यांना सवय होती.

सगळ्यात वाईट गोष्ट मंगळवारी झाली. चरचर वाढलीय हे कमलाकररावांच्या लक्षात आलं होतं, नाही असं नाही. पण नागपूर येतंय, हैदराबाद येतंय, म्हणजे आपलं यंत्र ठाकठीक. दोष असणार तो त्याच्याच बाजूला. तीस वर्षांचा अनुभव ना, मग दोष आपल्यात कसा असेल? त्यांनी बटण दाबलं आणि आंधळेपणानंच सांगितलं, "भावसिंग, तुझा आवाज इथं पोचत नाही. तुझी तार ढिली झाली असेल, बघून घे." बुधवारी तर चढ्या आवाजात सांगितलं की झाडावर चढ, तार ताणून बांध, चालढकल करू नको. खरं म्हणजे ते रागावले नव्हते, घाबरले होते. पण घाबरलेल्या माणसाचा आवाज रेडिओवर रागावल्यासारखाच येतो.

गुरुवारी दहाला वीज आली आणि चरचर एकदम बसली. दोनला वीज गेली आणि चरचर पुन्हा सुरू झाली. सोमवारपासून भारनियमनाची वेळ बदलली होती, सकाळी सहा ते दहा आणि दुपारी दोन ते पाच. वीज गेली की गल्लीतल्या आठ घरांचे इन्व्हर्टर गुरगुरायला लागत. पण आपला सेट तर बॅटरीवर, ती गुरगुर त्यात शिरते कुठून? कमलाकररावांनी सेटमागची केबल मुठीत धरली. चरचरीचा सूर बदलला. मूठ सोडली, तो पूर्ववत झाला. दुसऱ्यांदा करून पाहायची गरज नव्हती, तरी त्यांनी चारदा करून पाहिलं.

केबलीचं काम आतल्या आत सिग्नल वाहून आणायचं, एवढंच. पण तारेला जोडतो तिथं अडसर नसेल, तर केबलीची बाहेरची जाळी स्वतःच अँटेना होऊन बसते आणि शेजारपाजारचा सगळा कचरा गोळा करून सेटमध्ये ओतते. म्हणून जोडाच्या खालीच केबलीचे वेढे घालून गुंडाळी बांधायची, म्हणजे बाहेरून वाहणारा हा चोरटा प्रवाह तिथंच अडतो. हे साधं पहिलीतलं ज्ञान. भावसिंगला त्यांनीच शिकवलं होतं, त्याच्या तारेवर गुंडाळी त्यांच्याच हातची होती. आणि त्यांची स्वतःची? ती महिन्यापूर्वी वानरांनी लोंबकळून तोडली. कमलाकररावांनी घाईत केबल सरळ तारेला जोडून टाकली होती. आवाज येत होता, चालतंय की, बघू पुढं. शिष्याला शिकवायचं एक आणि आपण करायचं दुसरं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"सुनीती, तो ओरडत असेल गं," ते म्हणाले. "तो रोज ओरडत असेल आणि मी त्यालाच सांगतोय की तुझी तार बघ."

भर उन्हात दोघं गच्चीवर गेले. सुनीतीबाईंनी शिडी धरली. कमलाकररावांनी बांबू खाली घेतला, नळाच्या पाइपाच्या तुकड्यावर जास्तीच्या केबलीचे पंधरा वेढे घातले, दोरीनं आवळले. घाईघाईत जोड तीनदा उसवून करावा लागला. पाच वाजायच्या आत खाली येऊन सेट लावला. गल्लीत इन्व्हर्टर चालूच होते, आणि सेटमध्ये देवळात बसल्यासारखं शांत. पण बॅटरी वाचवायची म्हणून भावसिंग सेट लावायचा तो फक्त सकाळी सातला. आता उद्यापर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता.

शुक्रवारी त्यांनी हेडफोन लावलाच नाही, स्पीकर चालू ठेवला. सुनीतीबाई शेजारी बसल्या. सात वाजले. कमलाकररावांनी हाक घातली आणि बटण सोडलं. काहीच नाही. एवढं स्वच्छ काहीच नाही त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आता चरचरीवर ढकलायची सोय नव्हती.

मग बारीक, पण अगदी स्पष्ट, एका बाईचा आवाज आला.

"भाऊ, मी हंसा बोलून राह्यली. ते पडले, भाऊ. परवा."

हंसाबाईनं बटण दाबलं होतं ते सोडलंच नाही. सोडायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. आणि ती सोडत नाही तोवर इथून एक अक्षर जाणार नव्हतं. जिवंत आहे का, एवढं विचारायला कमलाकररावांचा जीव कासावीस झाला आणि ती आपली सांगत राहिली. यांचा गुडघा सुजलेला, ती नको नको म्हणत होती, तरी हे मोहाच्या झाडावर चढले. भाऊ सांगून राह्यले म्हणे. तार बांधली, आणि उतरताना हात सुटला. कमरेखाली काहीच हलत नाही. तांड्यातल्या जाणत्यानं तेल चोळलं. बैलगाडीत घातलं की ओरडतात. सोमवारपासून आम्ही रोज बोलावतोय, तुम्ही ऐकतच नाही.

ती दमली तेव्हा बटण सुटलं. "हंसाबाई, त्याला हलवू नका, गाडी पाठवतो," एवढंच कमलाकररावांना बोलता आलं. सुनीतीबाई तोवर फोनपाशी पोचल्याही होत्या. पांढरकवड्याला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दवाखान्यात नर्स होती. तिनं फळी घेऊन जीप काढायचं कबूल केलं, रस्ता विचारून घेतला. हे सगळं दहा मिनिटांत झालं. त्याची खबर काढायला हाच फोन सोमवारीही दहा मिनिटांत झाला असता.

कमलाकररावांनी गाडी निघाल्याचं सांगितलं. तिकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, मग श्वास, आणि मग तोच ओळखीचा घोगरा आवाज आला.

"भाऊ, आता येते ना माहा आवाज?"

"येतो, भावसिंग. छान येतो."

"मंगळवारी तुमी म्हटलं, तार पाहा. हंसा म्हने, कायले चढता. म्या म्हटलं, तार बांधल्याबिगर भाऊले कसं ऐकू जाईन? अन् पाहा, बांधली तं आलं ऐकू. तारच ढिली होती ना, भाऊ?"

बटणावर अंगठा ठेवून कमलाकरराव बसून राहिले. तुझी तार चार दिवस शाबूत होती. चूक माझी होती, माझ्या आळसाची, माझ्या दीडशहाणपणाची. तू उगाच चढलास. सांगायला एवढंच होतं. दारात फोन हातात धरून सुनीतीबाई उभ्या होत्या, आणि काल शिडी त्यांनीच धरली होती.

"हो, भावसिंग," कमलाकरराव म्हणाले. "तारच ढिली होती. तू बांधलीस म्हणून आज ऐकू आलास."



"मंग काई नाही," भावसिंग म्हणाला. "पडलो तं पडलो. काम तं झालं."

कमलाकररावांनी बटण दाबलं, पण त्यांना बोलवेना. आपण खोटं बोललो हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायची हिंमत आता या जन्मी व्हायची नाही हेही. शेवटी सुनीतीबाईंनी पुढं होऊन त्यांचा अंगठा बटणावरून काढला.