आतल्या खोलीची कडी

कडी मीच बसवली होती. आतल्या खोलीच्या दाराला, बाहेरून. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं फिटर होतो मी. माझ्या हातची कडी कधी कुरकुरायची नाही, एका बोटाने सरकायची. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. आज सांगताना लाज वाटते.

त्या वेळी माझी कायम नाइट शिफ्ट. सकाळी मुलुंडला घरी येऊन जरा आडवा होतो न होतो, तर साडेबाराला शीतल शाळेतून यायची. आमची एकुलती एक. सहा वर्षांची पोर, पण एक मिनिट बूड टेकेल तर शपथ. भांडी आपटणार, चावणार, दोनदा तर थेट मेन रोडपर्यंत पळाली. कमल, माझी बायको, हॉस्पिटलात आया होती, ती संध्याकाळी सहाला यायची. मग मी शीतलला दोन घास भरवायचो, आत ढकलायचो आणि कडी लावायचो. कमल येईपर्यंत. लोकांना सांगायचो, पोरगी पळून जाते, जिवाला धोका आहे. खरं सांगू? मला झोप हवी होती.

पोर दार बडवत राहायची. शेजारची शकु एकदा म्हणाली, "भाऊजी, रडून रडून आजारी पडेल हो ती." मी म्हटलं, तुम्ही तुमचं घर सांभाळा. शाळेतल्या बाईंनी डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं, तर त्यांच्यावरच खेकसलो, माझी पोरगी काय वेडी वाटली का तुम्हाला? मग एके दिवशी दार वाजायचं थांबलं. त्या दिवशी मी सहा वाजेपर्यंत गाढ झोपलो. अख्ख्या वर्कशॉपला सांगत सुटलो, पोरीला सरळ केली म्हणून. काय अक्कल म्हणायची ही.

ती त्यानंतर गप्पच राहिली. शिकली, नोकरीला लागली, लग्न करून घाटकोपरला गेली. जावई एकदा हसत म्हणाला, "पप्पा, ही बाथरूमलासुद्धा कडी लावत नाही." मीही हसलो. घरी येऊन जेवायला बसलो, तर नजर सारखी त्या कडीकडे जात होती.

आता तिची यशोधरा चार वर्षांची आहे. डिट्टो शीतल. पाळणाघरवालीने सांगून टाकलं, एक तारखेपासून आणू नका, बाकीच्या पोरांना चावते. शीतलला काही नोकरी सोडायची नव्हती. कमलने फोन केला, "आमच्याकडे ठेव ना गं तिला. आम्ही दोघं रिकामेच तर आहोत." मग शीतल म्हणाली, "रविवारी येते. बघते." काय बघणार, ते आम्हा दोघांनाही कळलं.

शनिवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी कडी काढायला लागलो. कमल म्हणाली, "राहू द्या. तिच्यासमोर काढा उद्या. आणि काढताना दोन शब्द बोला, चुकलं म्हणून."

"कशाला उगाच तिला आठवण करून द्यायची?"

"आठवण करून द्यावी लागेल असं वाटतं तुम्हाला?"

मी ऐकलं नाही. आयुष्यात कधी ऐकलं होतं? भोकं पुट्टीने बुजवली, पॉलिश पेपर मारला, अख्खं दार रंगवून टाकलं. कडी कुठे होती, ते कुणाला ओळखू येणार नाही इतकं सफाईदार काम.

रविवारी शीतल आली. चप्पल काढली आणि सरळ त्या दारापाशी गेली. रंगाचा वास घरभर होता. तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. मी म्हणालो, "वाळवी लागली होती, म्हणून रंगवलं."

"हं," म्हणाली आणि बसली.

तरी दुपार बरी गेली. यशूने माझा चष्मा ओढला, वरणात हात बुचकळले, मी चकार शब्द काढला नाही. कमलने भाकरी दुधात कुस्करून भरवली, ती चक्क सगळी खाल्ली. शीतल हळूच म्हणाली, "उद्यापासून अर्धा दिवस ठेवून बघू या का, मम्मी?" कमल डोळे पुसायला मोरीत गेली. मला तर उठून नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात शीतलला ऑफिसचा फोन आला, ती बाहेर गॅलरीत गेली. यशू कॉटखाली शिरली आणि माझ्या हत्यारांच्या पेटीतून तोच स्क्रू ड्रायव्हर काढून पळायला लागली. डोळ्यात जाईल म्हणून मी तो ओढून घेतला. ती किंचाळली आणि माझ्या मनगटाला कडकडून चावली. माझं डोकं फिरलं. उचलली, आतल्या खोलीत ठेवली, दार ओढलं. जरा वेळ बाजूला बसू दे, एवढंच मनात होतं. आईशप्पथ, एवढंच. पण उजवा हात आपोआप वर गेला, बरोबर त्या जागी. बोटं कडी शोधत गुळगुळीत रंगावरून फिरली.

आतून दार वाजायला लागलं. मी मान वळवली, तर शीतल उंबऱ्यात उभी. फोन कानालाच, पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करतोय.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जवळ आली आणि म्हणाली, "पप्पा, हात खाली घ्या."

माझा हात अजून तिथेच होता.

दार उघडून तिने यशूला कडेवर घेतलं, पर्स उचलली. कमल मोरीतून बाहेर आली. मी म्हणालो, "शीतल, चुकलं गं माझं. तेव्हाही चुकलं." सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो.

ती चप्पल घालता घालता थांबली. "मी दार वाजवायचं बंद केलं होतं ना, पप्पा," ती म्हणाली, "मला वाटलं होतं, आवाज आला नाही तर घाबरून उघडाल तुम्ही."

आणि पोरीला घेऊन जिना उतरून गेली.