एकतीस नंबरचा सिलिंडर

आकाराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, तरी सांगलीत त्यांना सगळे मेजरच म्हणत. तासगाव रस्त्याला जयपालअण्णांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज होतं, तिथं ते सुरक्षा बघायचे. गोदामं, पॅकिंगची शेड, मशीनची खोली आणि ऑफिस मिळून सेहेचाळीस लाल सिलिंडर भिंतींना टांगलेले होते. दर महिन्याच्या दहा तारखेला मेजर ते एकेक करून तपासत. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सील शाबूत आहे का, नळीला चीर गेलीय का. मग सिलिंडर खाली उतरवून, उलटा करून हलवायचा, म्हणजे आतली पावडर दगडासारखी बसत नाही. शेवटी सिलिंडरच्या गळ्यातल्या कार्डावर तारीख आणि सही, आणि तीच नोंद ऑफिसातल्या रजिस्टरात. सगळा दिवस यात जाई. त्या दिवशी त्यांच्याशी कुणी चार शब्द बोललं तर बोललं.

विश्रामबागेत त्यांची एक खोली होती. बायको साळूबाई कोरेगावजवळच्या गावात, घर आणि म्हैस सांभाळून. मुलगी क्रांती लग्न होऊन फलटणला. महिन्यातून दोनदा मेजर गावी जात. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. त्यातली एका छपराखाली काढलेली जुळवली असती तर सहा-सात भरली असती. पुढच्या वर्षी काम सोडायचं आणि गावी जायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं.

नोव्हेंबरच्या पाच तारखेला साळूबाईला चक्कर आली आणि ती गोठ्यातच पडली. साताऱ्याच्या दवाखान्यात नेल्यावर मेंदूत रक्तस्राव झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. मेजर तेवीस दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होते. साळूबाई कधी डोळे उघडायची, पण ओळख लागायची नाही.

अठ्ठावीस तारखेला ते कपडे न्यायला म्हणून एक दिवस सांगलीला आले आणि जाता जाता कंपनीत डोकावले. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस कागद बघायला येणार होता. टेबलावर रजिस्टर होतं आणि नोव्हेंबरचा रकाना कोरा होता.

त्यांना कुणी काही म्हटलं नाही. अण्णांना सांगितलं असतं तर अण्णांनी त्या माणसाला आठ दिवसांनी बोलावलं असतं. पण मेजरांच्या अकरा वर्षांच्या रजिस्टरात एकही रकाना कोरा नव्हता. ते खाली बसले आणि दहा तारीख घालून सेहेचाळीस ओळींत ‘ठीक’ लिहिलं. मग शेडमधून फिरत कार्डांवरही सह्या केल्या, सिलिंडरांकडे न बघता. पाऊण तासात सगळं उरकलं. पाचची एसटी गाठून ते साताऱ्याला परत गेले.

तीस नोव्हेंबरला साळूबाई गेली.

तिचा दहावा झाला त्या दिवशी इकडे पॅकिंगच्या शेडमध्ये आग लागली. वायर जळून ठिणगी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पडली. शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या वीस-बावीस बायका होत्या, त्या बाहेर पळाल्या. जतकडची अंबूबाई मात्र थांबली. तिनं भिंतीवरचा एकतीस नंबरचा सिलिंडर उतरवला आणि आगीवर धरला. त्यातून काहीच आलं नाही. ती दांडा दाबत राहिली, आणि तेवढ्यात पेटलेलं खोकं तिच्या उजव्या हातावर कोसळलं. पोरांनी पाण्याचा पाइप आणून आग विझवली. माल थोडाच गेला. अंबूबाईचा हात मात्र कोपरापर्यंत भाजला.

मेजर परतले तेव्हा चौकशी होऊन गेली होती. सरकारी साहेबांनी सिलिंडर न बघता फक्त रजिस्टर पाहिलं, नोव्हेंबरची ‘ठीक’ पाहिली, आणि अहवालात लिहिलं की उपकरण सुस्थितीत होतं, कामगार महिलेला ते वापरता आलं नाही.

एकतीस नंबरचा सिलिंडर स्टोअरच्या कोपऱ्यात पडला होता. मेजरांनी तो उचलला. पिन ओढलेली होती, सील तुटलेलं होतं. म्हणजे बाईनं सगळं नीट केलं होतं. पावडर आत तशीच भरलेली होती आणि काटा पार लाल पट्ट्यात गेला होता, म्हणजे पावडर बाहेर फेकणारा दाबच उरला नव्हता. ऑक्टोबरमध्ये तो हिरव्याच्या अगदी कडेला होता, हे त्यांना आठवत होतं. पुढच्या महिन्यात बघू आणि भरायला पाठवू, असं त्यांनी तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

त्यांनी तो सिलिंडर भरायला पाठवून दिला. कुणाला काही बोलले नाहीत.

चार मार्चला, सुरक्षा दिनाला, अण्णांनी सगळ्या कामगारांसमोर त्यांना फेटा बांधला. “घरात एवढं दुःख असताना ह्या माणसानं दवाखान्यातनं येऊन काम केलं, चुकवलं न्हाई,” अण्णा म्हणाले. “मेजरांचं रजिस्टर होतं म्हणून आपली अब्रू राहिली.” टाळ्या वाजल्या. मेजर समोर बघत उभे होते. निवडणीच्या बायकांत अंबूबाईची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती.

त्यानंतर खोलीवर त्यांना बसवेना. स्वयंपाक एकवेळचा झाला. क्रांती रविवारी फोन करायची. “आबा, हितं या. एकटं काय करताय तितं?” ती विचारायची. “काम हाय गं,” एवढंच ते म्हणायचे. तिला सांगावं असं दोन-तीनदा ओठांवर आलं. पण आईच्या आजारपणाचं निमित्त पुढं केल्यासारखं होईल असं वाटून त्यांनी गिळलं. दहा तारखेचं काम ते आता दोन दिवस करत. एकेका सिलिंडरापाशी इतका वेळ घालवत की पोरं आपसात हसायची.

जुलैत एका रविवारी त्यांनी जतची गाडी पकडली.

अंबूबाईचं घर जतच्याही पुढं, वस्तीवर होतं. बाहेर मेंढरांचा वाडा, दारात लिंबाचं झाड. नवरा मेंढरं घेऊन लांब गेला होता. अंबूबाई डाव्या हातानं सुपातली ज्वारी निवडत होती. उजव्या हाताची बोटं आत वळून तळव्याला चिकटल्यासारखी झाली होती.

“मेजर?” तिनं ओळखलं. “बसा. पानी आनते.”

“न्हाई, ऱ्हाऊ दे. आधी बोलायचं हाय.”

त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. दहा तारखेला आपण साताऱ्यात होतो. नंतर खोट्या सह्या केल्या. सिलिंडर निकामी झालेला होता आणि बघितला असता तर कळलं असतं. ते आपण नंतर बघितलं, आणि तरी गप्प बसलो.

अंबूबाई सूप मांडीवर धरून ऐकत होती. 

“म्हंजे मी बराबर दाबलं हुतं?” तिनं विचारलं.

“व्हय. पिनबी बराबर काढली हुती.”

“पिवळ्या दोरीला वडून काढली. सील मोडल्याचा मला आवाज आला.” ती आपल्या हाताकडे बघत म्हणाली, “सुपरवायझर दवाखान्यात आला तवा म्हनला, तुला चालवाया आलं न्हाई. घरी मालकबी त्येच म्हनला. शानी व्हायला कुनी सांगितलं हुतं? समद्या बायका पळाल्या, तू काय हुंबावानी उबी ऱ्हायलीस? सात म्हैनं झालं. रात्रीची पडल्यावर मी हात हालवून बगतीया, कुटं चुकलं म्हनून.”

 “माझी चूक हाय,” एवढंच मेजर म्हणाले.

“ती हायच,” अंबूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण तो मोठा नव्हता. “बायको गेली तुमची, मला ठावं हाय. त्येचं मला वाईट वाटलं. पर हितं माझ्या दारात सांगून काय हुनार? हितं मी एकटी हाय. जितं माझं नाव घालवलं तितं जाऊन सांगा.”

पाणी तिनं आणलंच. तांब्या डाव्या हातात होता. मेजरांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

सोमवारी सकाळी ते अण्णांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. अण्णांनी ऐकलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे आता कशाला, मेजर?” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “मिटलेलं प्रकरण हाय. बाईच्या उपचाराला आपण कमी केलं न्हाई.”

“तिच्यामुळं सिलिंडर चालला न्हाई, असं कागदावर हाय अण्णा. ते खोटं हाय.”

“आणि हे लिहून दिलं तर तुमचं काय हुईल? माझं काय हुईल?”

“तुमाला म्हाईत नव्हतं. तसंच लिवतो मी.”

अण्णा उठून खिडकीपाशी गेले. माणूस वाईट नव्हता. दर वर्षी जैनांच्या पर्युषणात ते सगळ्यांची हात जोडून क्षमा मागत, झाडूवाल्याचीसुद्धा. ते बाहेर ट्रक मागं घेणाऱ्या ड्रायव्हरकडे बघत राहिले. “माज्याकडं येऊन तुमी सांगायचं हुतं,” ते शेवटी म्हणाले. “त्या दिवशीच. एक महिना कोरा राहिला असता तर काय बिघडलं असतं?”

 हाच प्रश्न मेजर डिसेंबरपासून स्वतःला विचारत होते.

त्यांनी लिहून दिलं. विमा कंपनीची पत्रं आली, सरकारी साहेब पुन्हा आले. अण्णांना नोटीस बसली. मेजरांना कामावरून कमी केलं. ते तसं होणार हे दोघांनाही ठाऊक होतं. निरोपाच्या वेळी अण्णांनी हात जोडले. शेडमधली पोरं बाजूला सरून उभी राहिली. अकरा वर्षं एकत्र चहा प्यायलेला स्टोअरकीपर नाथाजी त्यांच्याकडे न बघता खोकी मोजत राहिला. मेजरांमुळं कंपनीवर संकट आलं, असं तिथं सगळ्यांचं मत पडलं होतं.

सप्टेंबरमध्ये अंबूबाईला जबाबासाठी सांगलीला बोलावलं. ती एकटीच आली. अहवाल बदलला गेला. संध्याकाळी मेजर तिला स्टँडवर सोडायला गेले. जतच्या गाडीला अवकाश होता. दोघं बाकावर बसले, मध्ये तिची पिशवी.

तिनं पदराखालून घडी केलेला कागद काढला. “साहेबानं झेरॉक्स दिलीया. मला वाचाया येत न्हाई. माझ्याबद्दल लिवल्यालं तेवढं वाचा.”

मेजरांनी चष्मा लावला. “कामगार महिलेने अग्निशामक सिलिंडर योग्य रीतीने वापरला. सिलिंडर नादुरुस्त असल्याने तो चालला नाही.”

“अजून एकदा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

“नावानं न्हाई लिवलं व्हय?”

“वर हाय नाव. अंबूबाई, राहणार तालुका जत.”

तिनं कागद परत घेतला आणि डाव्या हातानं जपून घडी केली. गाडी लागली तशी ती उठली. “येते,” म्हणाली. पायरीवर चढताना मेजरांनी पिशवी वर दिली. ती खिडकीपाशी बसली, पण परत वळून बघितलं नाही. कागद बहुतेक तिच्या मुठीत होता.

गाडी गेल्यावर मेजर तसेच बाकावर बसून राहिले. मग त्यांनी क्रांतीला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली. “आबा, बरं हाय न्हवं?”

“बरं हाय,” ते म्हणाले. “तुला एक सांगायचं हाय. तुझी आई दवाखान्यात हुती तवाचं. वेळ हाय का तुला?”

“हाय की,” क्रांती म्हणाली. “सांगा.”

स्टँडवर गलका होता. मेजरांनी दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.