पाठमोरी सगुणाबाई

प्रियदर्शनी मावशीकडे कसबा पेठेत राहायला आली तेव्हा तिला तिथं कोणी ओळखत नव्हतं. ‘गडकरीण’ मालिका सुरू झाली आणि वर्षभरात तिचं खरं नाव पेठेतून जवळजवळ पुसलंच गेलं. तांबट आळीतून ती निघाली की भांड्यांवरचे ठोके क्षणभर थांबायचे आणि आतून कोणीतरी विचारायचं, “काय सगुणाबाई, आज गड वाऱ्यावर सोडलात?” भाजीवाली कोथिंबिरीची जास्तीची जुडी पिशवीत कोंबायची. वाण्याच्या दुकानात लोक तिला रांगेत पुढं जाऊ द्यायचे. पुण्यात याहून मोठा मान नाही.

सगुणाबाई म्हणजे मालिकेतल्या एका सरदाराची बायको. नवरा मोहिमेवर गेला की गड सांभाळणारी, हट्टी, तोंडाची फटकळ, हसली की सगळा वाडा हसवणारी. लेखकांनी कागदावर चार ओळींत रंगवलेल्या त्या बाईत प्रियदर्शनीनं जीव ओतला होता. ही बाई आपण घडवली असं ती मनोमन धरून चालली होती.

म्हणून दिग्दर्शक विक्रमनं तिला मेकअप रूममध्ये बाजूला घेतलं तेव्हा आधी तिला नीट उमगलंच नाही.

“गोष्टीत लीप घेतोय,” तो म्हणाला. “पंधरा वर्षांचा. सरदार गेले, सगुणाबाई विधवा, गडाला वेढा.”

“बरं. म्हणजे माझे केस पांढरे करायचे.”

“केस नाही गं.” विक्रम मोबाईलकडे बघत राहिला. “चॅनेलला त्या वयाची बाई हवीय. सत्यशीलाताई हो म्हणाल्यात.”

सत्यशीलाताई! रंगभूमीवरचं मोठं नाव. त्यांच्या नाटकांची तिकिटं काढायला प्रियदर्शनी कॉलेजात असताना रांगेत उभी राहिली होती. त्याच बाई आता आपल्या जागी येणार हे ऐकल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं ते असं, की यांना एवढं सगळं मिळालंय, मग ही एक भूमिकाही कशाला हवी?

सत्यशीलाताईंनी आपण होऊन तिला भेटायला बोलावलं. पुण्याबाहेर मांजरी गावाला उसाच्या शेतांपलीकडे मालिकेचा सेट होता. प्लायवूडची तटबंदी, तिच्यामागे खरं आकाश. प्रियदर्शनी मेकअप रूममध्ये शिरली तर तिच्या नेहमीच्या खुर्चीत सत्यशीलाताई बसलेल्या. पलीकडे शिवणकाम करणारी बाई सगुणाबाईच्या चोळ्या उसवून मापाला सैल करत होती.

“ये गं,” ताई म्हणाल्या. “ही बाई तुझी आहे. ती चालते कशी, चिडली की काय करते, मला सगळं सांग. आवाज मी माझा लावेन, पण सवयी तुझ्याच हव्यात.”

प्रियदर्शनीनं सुरुवातीला खरं ते सांगितलं. बोलताना मान किंचित डावीकडे जाते. पायऱ्या चढताना ती कठड्याला हात लावत नाही. ताई लक्ष देऊन ऐकत होत्या, मधेच एखादी गोष्ट करून बघत होत्या. आणि ती मान डावीकडे अशी काही वळली, की वाटावं, ती सवय जन्मापासून त्यांचीच आहे! शिवणकाम करणाऱ्या बाईनं दातांनी दोरा तोडला तो आवाजसुद्धा प्रियदर्शनीला सहन झाला नाही.

“आणि मोठा निर्णय सांगायचा असला ना,” ती म्हणाली, “की सगुणाबाई समोरच्याकडे पाठ करते. कॅमेऱ्याकडेसुद्धा. तोंड दिसूच देत नाही.”

“पाठ?” ताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

“हो. मी कायम तसंच करत आले.”

हे धादांत खोटं होतं. असं तिनं एकदाही केलं नव्हतं. पडद्यावर नटीचा चेहराच दिसला नाही तर उरतं काय? ऐन रंगात आलेल्या प्रसंगात ताई कॅमेऱ्याला पाठ दाखवून उभ्या राहतील, लोक वैतागतील, चॅनेल कुरकुर करेल. परतताना स्कूटरवर तिला याची मनापासून मजा वाटली. हडपसर येईपर्यंत ती मजा कडवट झाली, पण फोन करून खरं सांगावं एवढी काही कडवट झाली नाही.

वेढ्याचा तो भाग लागला तेव्हा मथुरामावशी टीव्हीसमोर मटार सोलत बसली होती. प्रियदर्शनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बसून बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. उभं राहून बघण्याबद्दल मात्र तिनं काही ठरवलं नव्हतं.

शत्रूचा वकील तहाचं बोलणं घेऊन आला होता. गडावरचं धान्य संपत आलंय, गड खाली करा, बायकापोरांना वाट देऊ. दरबारातले सगळे सगुणाबाईकडे बघायला लागले. पांढऱ्या लुगड्यातल्या सत्यशीलाताई उठल्या, तटाकडे चालत गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

“आता बघ,” प्रियदर्शनी मनात म्हणाली.

वाऱ्यानं ताईंचा पदर हलला. खांदे इतके हळू खाली आले, की आत काहीतरी मोडलं असावं. मग तेच खांदे तितक्याच हळू वर आले. त्या दोन खांद्यांत नवऱ्याचं मरण, रिकामी कोठारं, सगळं होतं. मग तशाच पाठमोऱ्या त्या म्हणाल्या, “गड मिळायचा नाही. जेवून जा.”

मथुरामावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. “बाई गं,” एवढंच ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपायला लागली.

पुढच्या आठवड्यात जो तो पाठ फिरवून “जेवून जा” म्हणत होता. कॉलेजातल्या पोरी फोनसमोर पदर घेऊन रील करत होत्या. कोपऱ्यावरच्या वाण्यानं उधारीवर माल मागायला आलेल्या माणसालाही तेच ऐकवलं. तिथं उभे असलेले एक आजोबा म्हणाले, “पुण्यात एवढा आग्रह पहिल्यांदाच ऐकतोय.”

आता प्रियदर्शनीला हाक येईना असं नाही. यायची, पण वेगळी. “तुम्ही आधीच्या ना?” भाजीवाली विचारायची. आधीच्या! कोथिंबीर मात्र ती अजून द्यायची. तीच प्रियदर्शनीच्या मनाला जास्त लागायची.

आणि मग सत्यशीलाताईंची मुलाखत आली. त्या प्रसंगाबद्दल विचारल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “ते माझं नाही. पाठ करण्याची कल्पना प्रियदर्शनीची.”

फोन सुरू झाले. मैत्रिणी, जुने शिक्षक, खुद्द विक्रम. “यार, कमाल आहेस तू! मला का नाही सांगितलंस?” कोणी अभिनंदन केलं की ती थँक्यू म्हणायची आणि प्रत्येक वेळी जखमेवर लिंबू पिळल्यासारखं व्हायचं. शेवटी एका सकाळी ती सरळ मांजरीला गेली.

सत्यशीलाताई तटाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या.

“ताई, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं,” प्रियदर्शनी बसायच्या आधीच म्हणाली.

“माहिती आहे. तुझे सगळे भाग मी पाहिले होते. तुला भेटायच्या आधी.”

“मग केलंत कशाला?”

“खोटं होतं, पण चांगलं होतं. पंधरा वर्षं एकटीनं गड सांभाळणारी बाई आपला चेहरा लोकांना दाखवायचा थांबवणारच. मला नसतं सुचलं.” ताईंनी तेलाची बाटली बंद केली. “माझं तोंड दिसू नये म्हणून सांगितलंस ना?”

“हो.”

“वाटलंच मला.”

“आणि वर माझं नाव घेतलंत! लोकांच्या शिव्या परवडल्या असत्या.”

“अगं, दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवायला मी अजून एवढी खाली आलेली नाही.” ताईंचा आवाज पहिल्यांदाच कोरडा झाला. “आणि तू एकटीच जळतेस असं समजू नकोस. मला रस्त्यात कोणी सगुणाबाई म्हणत नाही. ‘त्या नवीन आलेल्या’ म्हणतात. या वयात मी नवीन! तू पायऱ्यांवरून धावत खाली येतेस, तो एक प्रसंग आहे बघ, नवऱ्याची पालखी दिसल्यावरचा. तो पाहून मला जेवण गेलं नव्हतं. हे गुडघे आता तसे धावायचे नाहीत.”

तेवढ्यात विक्रमनं प्रियदर्शनीला पाहिलं आणि तो धावतच आला. दोघी एकत्र दिसल्याबरोबर त्याच्या डोक्यात दिवा लागला होता. वेढ्यातल्या सगुणाबाईला तटावर आपलं तरुणपण दिसतं, असा प्रसंग त्याला हवा होता. दोघी एका चौकटीत.

प्रसंग दोन दिवसांनी चित्रित झाला. संवाद नव्हतेच. प्रियदर्शनीनं हिरवं लुगडं नेसून पायऱ्यांवरून धावत यायचं, ताईंनी तटाशी उभं राहून बघायचं. ती धावत आली, दम लागलेला, हसू ओठांवर, आणि समोर ताई. ताई तिच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत माया होती, थकवा होता आणि उघडीवाघडी असूयाही होती. ती अभिनयाची नव्हती हे सगळ्या सेटवर फक्त प्रियदर्शनीला ठाऊक होतं. तिला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. तिनं आणखी जोरात श्वास घेतला, मान आणखी वर केली आणि आपलं वय ताईंसमोर मिरवून घेतलं.

“कट,” विक्रम म्हणाला.

तो भाग लागला त्या रात्री लोकांत वाद पेटला. कोणाची सगुणाबाई खरी, धावणारी की पाठमोरी? प्रियदर्शनी मोबाईल घेऊन एकेक प्रतिक्रिया वाचत होती. आपल्या बाजूची आली की थांबायची, ताईंच्या बाजूची आली की पुढं सरकवायची. मथुरामावशी दोनदा जेवायला हाका मारून गेली.

“आले गं,” ती म्हणाली आणि वाचतच राहिली. तिकडं कोथरूडला आपल्या घरी सत्यशीलाताईही चष्मा लावून हेच करत असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.