सोयीचा भोंगा

आबारावचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड होता. इतका जाड, की हसनाबादचा शिंपी त्याच्या सदऱ्याची उजवी बाही वेगळ्या मापानं बेतायचा, आणि डावीकडं वाचलेल्या कापडात नातवाचं टोपडं निघायचं.

हे सगळं भोंग्यामुळं. गावाबाहेर बियाणं साफ करायचा कारखाना होता. मालकांनी आधी विजेवरचा भोंगा बसवला, पण वीज त्या काळात हसनाबादला घाईतल्या पाहुण्यासारखी यायची. घोटभर पाणी प्यायची अन् निघायची. म्हणून मंग हातानं फिरवायचा भोंगा आणला आणि त्याची दांडी आबारावच्या हातात दिली. सकाळी कामावर यायला, दुपारी जेवायला आणि संध्याकाळी सुटायला आबाराव गच्चीवर चढायचा अन् दांडी गरागरा फिरवायचा. आवाज निघायचा तो थेट अजिंठ्याच्या डोंगराला धडकून परत यायचा. पहिल्या आवाजाला जे उठत नसत, ते परतीच्या आवाजाला उठत.

गाव सगळं त्याच्यावर चालायचं. सकाळच्या भोंग्याला तवे चुलीवर चढत, एसटीचा ड्रायव्हर विडी विझवून गाडीत बसे. रखमाजीची म्हैस तर भोंग्याशिवाय पान्हाच सोडायची न्हाई. आबाराव एकदा तापानं पडला, तेव्हा रखमाजीनं तिच्या कानाशी तोंडानं भोंगा काढून पाह्यला. म्हशीनं मान वळवून त्याच्याकडं अशी नजर टाकली, की रखमाजी पुढं चार दिवस पाठमोराच गोठ्यात जायचा.

तर असा थाट चालला होता, आणि पुण्याहून नवा मॅनेजर आला. तरणा पोरगा, टाय बांधायचा. भर मे महिन्यात, धान्याच्या धुळीत, टाय. कुठल्यातरी थंडगार हॉटेलात त्याचं म्हणे प्रशिक्षण झालं होतं. तिथं त्याला कुणी सांगितलं, की माणसाला त्याची वेळ त्याच्या हातात द्या, मग बघा तो कसा फुलतो.

साहेबानं सगळ्यांना गोदामासमोर गोळा केलं. "आजपासून कंपनी तुम्हाला एक सवलत देत आहे. सोयीची वेळ. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत केव्हाही या, आपले तास भरा आणि जा. पगार तोच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाळणीच्या मशीनवरचा त्रिंबक तर इतका खुश झाला, की उद्या किती वाजेपर्यंत झोपायचं हे त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

आबारावनं मात्र टाळी वाजवली न्हाई. तो पुढं गेला. "साहेब, मंग भोंगा कधी मारायचा?"

"भोंगा बंद, आबा. ज्याची त्याची वेळ, मग भोंगा कुणासाठी? महिनाअखेरीला दांडी स्टोअरमध्ये जमा करा आणि गोदामात थप्पीच्या कामावर या."

आबारावनं गोदामाकडं पाह्यलं. पोत्यांच्या थप्प्या पत्र्याला टेकल्या होत्या. त्याची कंबर तर बायकोनं, कडूबाईनं, पाण्याचा हंडा उचलायला सांगितला तरी कुरकुरायची.

"साहेब, माझा फक्त हात जाड हाय. पाठ बाकीच्यांसारखीच हाय."

"काळजी करू नका," साहेब प्रेमानं म्हणाला. "तुम्हालाही सवलत आहेच. पोती तुमच्या सोयीनं उचला."

पहिले काही दिवस लोक खरंच फुलले. त्रिंबक ऊन अंगावर येईस्तोवर झोपायचा, पारावर चहा प्यायचा अन् तिथून कारखान्याकडं राजासारखा निघायचा. पण सवलतीची गोष्ट गावभर झाली, गावावरून पाहुण्यारावळ्यांत गेली आणि घात झाला.

त्रिंबकचे सासरे कुंभार पिंपळगावहून आले. आले ते बिछान्यासकट आले. "जावईबापू, आता तुमची येळ तुमच्या हातात. मला जालन्याला डोळे दाखवायला न्या." डोळे झाले, मंग दात झाले. दात झाले तर मेव्हण्यासाठी मुली बघायचं निघालं. एकवीस ठिकाणी पोहे खाऊन त्रिंबकला पोह्याचा वाससुद्धा सोसेना, अन् अंधार पडायच्या आत तास भरायला तो मशीनवर बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागला.

बियाणं निवडणाऱ्या पुष्पाबाईची गत त्याहून वाईट. ती एक दिवस आबारावच्या ओट्यावर येऊन बसली.

"आबा, तुमचा भोंगा होता तव्हा मी सुखी होते."

"काहून गं?"

"भोंगा झाला की सासूच्या हातात झाडू द्यायचा अन् निघायचं. कुणी आडवं येत न्हाई. भोंग्याला कोण आडवं येतंय? आता सासू म्हणती, येळ तुझीच हाय ना, आधी शेण उरक. शेण उरकलं की म्हणती पापड लाट. काल म्हणली, माझे पाय दाबून जा, कंपनी काई पळून न्हाई चालली. मी मरमर करून राह्यले अन् ती सगळ्या आळीत सांगती, सुनेला कंपनीनं लई सुख दिलं."

"मंग मी काय करू?"

"दांडी अजून तुमच्यापाशीच हाय ना?"

आबारावनं आत नजर टाकली. भोंग्यातून काढून आणलेली दांडी घरातच होती. खुंटीला, कडूबाईच्या परकरांमागं.

"उद्या सकाळी एक मारा," पुष्पाबाई म्हणाली. "लांबलचक. मी सासूला सांगते, माझा भोंगा झाला."

"तुझा? भोंगा काय एकेकाचा असतो?"

"येळ एकेकाची झाली, मंग भोंगा काहून न्हाई?"

आबारावला हे बराबर वाटलं. सकाळी तो गच्चीवर चढला आणि एक लांबलचक मारला. पुष्पाबाई शेणाचे हात धुऊन पदर खोचत निघाली. सासू बघतच राहिली.

दुपारपर्यंत त्रिंबक हजर. "आबा, माझा आखूड मारा. दोनदा. सासऱ्यांना मी सांगितलंय, दोन आखूड म्हंजे माझा."

मंग काय, रांगच लागली. कुणाचा आखूड, कुणाचा तुटक, कुणाचा खालून वर चढत जाणारा. एकानं तर शेवटाला हुंदका दिल्यासारखा मागितला, कारण त्याची बायको मऊ मनाची होती. आबाराव सकाळपासून दुपारपर्यंत गच्चीवरच. गावात कहर झाला. एसटी स्टँडवरून निघायची, पुढच्या भोंग्याला ड्रायव्हर चक्रावून परत यायचा. भोकरदनला निघालेले पाहुणे दिवसभर गाडीत बसून संध्याकाळी हसनाबादलाच उतरले. आणि रखमाजीची म्हैस. ती प्रत्येक भोंग्याला पान्हा सोडी. रखमाजीला आधी वाटलं देव पावला, पण बादल्या संपल्या, घागरी संपल्या, शेवटी त्याला शेजाऱ्याची गूळ करायची काहील आणावी लागली, अन् म्हैस उभ्या उभ्या वाळून काथ्यासारखी झाली.

रखमाजीनं साहेबाकडं तक्रार नेली. साहेबानं आबारावला बोलावलं.

"दांडी आणा, आबा. आत्ताच्या आत्ता. आणि उद्यापासून गोदामात."

आबारावनं दांडी आणली. साहेबाच्या टेबलासमोर उभा राहिला, पण हात काही पुढं होईना.

"मी या लोकांना स्वातंत्र्य दिलं," साहेब म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि दुखावल्यासारखंच जास्त होतं. "कुणाला विचारायची गरज नाही, कुणाला सांगायची गरज नाही. आणि यांना भोंगा पाहिजे?"

"साहेब, लगीन झालंय ना तुमचं?"

"झालंय. त्याचं इथं काय?"

तेवढ्यात फोन वाजला. साहेबानं उचलला अन् खुर्चीत सरळ झाला. पलीकडच्या बाईंचा आवाज इतका खणखणीत होता, की आबारावला जागेवरून सगळं ऐकू आलं.

"जावईबापू, मी बोलतेय. सुलू सांगत होती तुमच्या कंपनीत म्हणे सोयीची वेळ निघाली. तुम्हीच काढलीत म्हणे. किती छान."

"हो, आई, पण—"

"मग उद्याच निघा. आमच्या वन्संचं बिऱ्हाड हलवायचंय, ट्रकबरोबर घरचं माणूस हवं. मग ह्यांचे गुडघे दाखवायचेत. आणि कोकणातली मंडळी येतायत, त्यांना पुणं दाखवायचं. आठ-दहा दिवसांत मोकळे व्हाल. तास काय, नंतर भरता येतात ना?"

"आई, इथं फार काम—"

"अहो, पण वेळ तुमचीच ना?"

साहेबानं टाय ढिला केला. त्यानं तो ढिला केलेला हसनाबादनं पहिल्यांदाच पाह्यला. फोनवर हात ठेवून तो आबारावकडं बघू लागला. आबाराव छताकडं बघत होता. छतावर गच्ची होती अन् गच्चीवर भोंगा.

"आबा," साहेब हळूच म्हणाला, "आता मारता येईल का?"

"कसा मारू साहेब? आखूड का लांब?"

"जरा लांबच मारा."

आबाराव जिना चढून गेला. आता कंबर बिलकुल कुरकुरली न्हाई. त्यानं सगळ्या जाड हातानिशी दांडी फिरवली. साहेबानं फोनची दोरी ताणून रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. आवाज डोंगरावर गेला, परत आला. तोसुद्धा त्यानं पुण्याला ऐकवला.

"आई, भोंगा झाला. माझी ड्यूटी सुरू."

"अगोबाई," पलीकडून आवाज आला, "मग जा बाबा जा. नोकरीचं आधी. बिऱ्हाडाचं मी धाकट्या जावयांना सांगते. त्यांच्याकडे भोंगा नाही."

दुसऱ्या दिवशी गोदामासमोर पुन्हा सगळे गोळा झाले. साहेब म्हणाला, सवलत आहे तशीच आहे, कंपनी दिलेली सवलत मागं घेत नाही. फक्त शिस्त म्हणून भोंगा पूर्वीच्याच वेळेला वाजेल. ज्याला सोयीची वेळ पाहिजे, त्यानं पुढं यावं. कुणी पुढं आलं न्हाई. आलं काय, सगळे एकेक पाऊल मागंच सरले. आबारावची थप्पी रद्द झाली. दांडी त्याच्याकडंच राहिली, आणि दांडीवाल्या आबांना येता-जाता रामराम होऊ लागला.

त्यानंतरच्या पहिल्या सकाळी आबाराव छाती काढून निघाला. दांडी खांद्यावर, टोपी तिरपी. दारात कडूबाई दळणाचा डबा घेऊन उभी.

"हे गिरणीत ठेवून जावा."

"आता न्हाई. भोंग्याची येळ झाली."

"कुणाच्या भोंग्याची?"

"आपल्या. कारखान्याच्या."

"तुम्ही मारल्याबिगर तो वाजतो का?"

आबाराव दांडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत उभा राहिला. सगळ्या गावाला पळवाट काढून दिली होती त्यानं. पुष्पाबाईला, त्रिंबकला, पार पुण्यापर्यंत. पण ज्याच्या हातात भोंगा, त्यानं कुणाचं नाव सांगायचं?

"जल्दी जावा," कडूबाई म्हणाली. "रांग असली तर थांबून दळूनच आणा. तुमची येळ तर तुमच्याच हातात हाय."

गिरणीत रांग होती. त्या दिवशी हसनाबादची सकाळ चांगलीच उशिरा झाली. तवे थंड राहिले, ड्रायव्हर विडीवर विडी ओढत राहिला, कारखान्याच्या फाटकाशी साहेबसुद्धा टाय सावरत ताटकळला, आणि ऊन डोक्यावर येऊनही कुणाला काही वाटलं न्हाई. भोंगा झाला न्हाई म्हंजे सकाळ झाली न्हाई.

फक्त रखमाजीची म्हैस तेवढी गिरणीच्या दिशेनं तोंड करून एकसारखी हंबरत होती.